उतरत्या जमिनीवरचं टेबल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे प्रमुख माननीय झ्देन्को बार्तोलिच, व्यासपीठावर, म्हणजे ज्या बाकाला आपण आजच्यापुरतं व्यासपीठ म्हणतो आहोत त्यावर विराजमान झालेले आदरणीय फादर अदाल्बर्त, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती यागोदामावशी व्हुकेलिच, तोपोल्निक गावातल्या माझ्या माता-भगिनींनो आणि बंधूंनो, आणि वारा लागून मान धरेल या भीतीने मघापासून दार लावा, दार लावा अशा खुणा करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनो,

निरोपाच्या भाषणाची सुरुवात स्तुतीने करावी असा संकेत आहे. मी ती तक्रारीने करणार आहे. तक्रार गंभीर आहे आणि ती अध्यक्ष महोदयांच्या समोर करायची संधी पुन्हा मिळेल न मिळेल. या सभागृहाची जमीन उतरती आहे.

हसू नका. खिडकीकडून गॅरेजकडे ती चांगली वीतभर उतरत जाते. गेली आठ वर्षं दर शनिवारी चार वाजता मी या जमिनीवर बसतो आहे, म्हणजे खुर्चीवर बसतो आणि खुर्ची जमिनीवर असते, आणि प्रत्येक शनिवारी माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली असतो. मी लेखी अर्ज केले. अध्यक्षांनी मला खांद्यावर हात ठेवून समजावलं, "हे बघ, ही बंब धुवायची जागा आहे. पाणी वाहून जायला उतार लागतो. तुमच्या त्या फाशांसाठी आमच्या आजोबांनी ही बांधली नाही." अत्यंत तर्कशुद्ध उत्तर. पण त्या उतारामुळे माझ्यावर आज कोणता प्रसंग ओढवला आहे, ते अध्यक्षांना ठाऊक नाही. ते मी शेवटी सांगेन.

आधी, फादर अदाल्बर्त चार वर्षं मला जो प्रश्न विचारत आहेत त्याचं उत्तर देतो. हे नाटक आहे की जुगार? फादर, दोन्ही नाही, आणि थोडं थोडं दोन्ही. टेबलाभोवती माणसं बसतात. त्यातला एक जण सूत्रधार. तो एक गाव, एक जंगल, एक वाईट राजा सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात आणि बोलतात, "मी दार उघडतो." दार उघडतं की डोक्यावर पडतं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जिंकत कोणी नाही. पैसे लावत नाहीत. मी तरुणपणी झाग्रेबला जाऊन सहा वर्षं संस्कृत शिकलो, हे आपल्याला माहीत आहे, कारण आपण मला ते विसरू देत नाही. "सहा वर्षं संस्कृत शिकला आणि आता डुकरांच्या बाजारभावाच्या बातम्या देतो," ही माझी गावातली पदवी. तर त्या शास्त्रांत द्यूताची गणना व्यसनांत केलेली आहे, आणि त्याच भाषेत फासा उलटा पडण्यासाठी एक स्वतंत्र शब्दही आहे: अक्षपरि. ज्या लोकांनी व्यसनाचा निषेध केला त्यांनीच त्याच्या अपघाताला खास शब्द घडवला, यावरून ते शनिवारी संध्याकाळी काय करत असावेत याचा अंदाज येतो.

आता यागोदामावशीकडे वळतो. ती पदराआड, म्हणजे हातरुमालाआड हसते आहे. मावशी, अजून काहीच बोललो नाही.

मावशी रेल्वे फाटकावर कामाला होती. तीस वर्षं तिने दांडा वर केला आणि खाली केला. तिचा मुलगा दाम्यान आणि त्याचे मित्र हा खेळ तिच्या स्वयंपाकघरात खेळायचे. सूत्रधार दाम्यान. मावशी त्यांच्याकडे पाठ करून चुलीशी उभी असायची आणि जर्दाळूचा मुरंबा भरलेली पालाचिंके एकामागून एक गुंडाळून ताटात टाकायची. पाच वर्षं तिने पाठीने ती गोष्ट ऐकली. खुर्ची ओढल्याच्या आवाजावरून तिला कळायचं, किती जण आले. तेवढीच घावनं ती काढायची. कधी एकही जास्त झालं नाही आणि एकही कमी पडलं नाही.

मग दाम्यान आयर्लंडला गेला. कॉर्कला, गोदामात. हे मी वेगळं सांगायला नको. या सभागृहात ज्याच्या घरातलं कोणी गेलेलं नाही त्याने हात वर करावा.

बरोबर. दाम्यान गेला त्याच्या पुढच्या शनिवारी पोरं सवयीने आली आणि स्वयंपाकघरात मान खाली घालून बसली. राक्षसाच्या गुहेच्या तोंडाशी गोष्ट थांबली होती आणि सांगणारा विमानात. मावशीने हात पुसले, दाम्यानच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "गुहेत अंधार आहे. आतून कांदा परतल्याचा वास येतो आहे. आता पुढे कोण होतंय?"

गुहेतल्या राक्षसाने कांदा परतावा ही कल्पना कुठल्याही नियमपुस्तकात नाही. मी शोधली. क्रुनो पाव भाजणारा, जो त्या दिवशी तिथे होता आणि आज तिसऱ्या रांगेत बसून बुटांकडे बघतो आहे, तो मला म्हणाला, "दाम्यानच्या राक्षसाची भीती वाटायची. मावशीच्या राक्षसाची दया आली. आम्ही त्याच्याकडे जेवून परत आलो."

पुढे माणसं वाढली, नऊ झाली, आणि अध्यक्षांनी मोठ्या मनाने ही उतरती जमीन आम्हाला दिली. मी आलो तो बातमी लिहायला. "अग्निशमन दलाच्या सभागृहात भुताखेतांचे खेळ" असा मथळाही ठरवला होता. मावशीने विचारलं, "तू कोण?" मी म्हटलं, "वार्ताहर." ती म्हणाली, "ते बाहेर. इथे कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना संध्याकाळ गेली. बातमी अजून लिहायची आहे.

मावशीचा एक नियम मात्र सांगितलाच पाहिजे, कारण त्यावरून पुढचं रामायण घडलं. खेळात एखादी व्यक्ती मेली तर इतर गावांत म्हणे तिच्या माहितीचा कागद फाडून नवीन कागद घेतात. मावशीला ते पटलं नाही. "माणूस मेला तर मेल्यासारखा मेला पाहिजे," ती म्हणाली. म्हणून आमच्याकडे काळ्या चौकटीची सूचना निघते, जशी आपल्या घरच्या माणसाची निघते आणि कोपऱ्यावरच्या लिंडनच्या झाडाला लागते. नाव, वय, मागे कोण कोण, अखेरचा निरोप कधी. ती सभागृहातल्या आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची आणि पुढच्या शनिवारी त्याच्याबद्दल प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे.

चार वर्षांपूर्वी क्रुनोचा खेळातला बुटका मेला. गर्गुर चेकिच त्याचं नाव. पुलावर एकटा उभा राहिला, बाकीच्यांना पलीकडे जाऊ दिलं आणि पुलासकट खाली गेला. सूचना निघाली. "आमचा प्रिय गर्गुर चेकिच, वयाच्या २१४व्या वर्षी, थोड्या पण शूर झुंजीनंतर. अखेरचा निरोप शनिवारी चार वाजता, अग्निशमन दलाच्या सभागृहात. शोकाकुल: सोबती." चिकटवायचं काम लेओनाकडे होतं. लेओना आपल्या गुरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, हुशार मुलगी आहे, पण त्या दिवशी कपाटाला कुलूप होतं आणि तिला घाई होती. तिने ती सूचना बाहेरच्या फलकावर लावली. खऱ्या दोन सूचनांच्या मधोमध.

आपल्या गावात दुःख सहन करतात, छपाईतली चूक सहन करत नाहीत. संध्याकाळपर्यंत कुणा सज्जनाने २१४ खोडून बॉलपेनने ८४ केलं होतं. ते कोण, हे मी विचारत नाही. झ्देन्कोसाहेब, आपण पाणी प्या.

शनिवारी चार वाजता आम्ही टेबल मांडतो आहोत तोच दार उघडलं आणि माणसं यायला लागली. काळे कपडे, हातात थडग्यावर लावायचे लाल काचेचे दिवे. मी एकतीस मोजली. एक पुष्पचक्रही होतं. पाठोपाठ फादर अदाल्बर्त आले आणि दारातूनच म्हणाले, "माझ्याशिवाय निरोप? कम्युनिस्ट होता का?"

सगळ्यांत पुढे तोनका आजी होत्या. त्या वेळी ब्याऐंशीच्या. हातात कापडात गुंडाळलेला अक्रोडाचा रोल. त्यांनी तो टेबलावर, नेमका राक्षसाच्या किल्ल्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "खालच्या आळीतल्या चेकिचांचा ना हा? साठ-बासष्ट साली श्टुटगार्टला गेला तो. एका पायाने जरा लंगडायचा."

मागून कोणी म्हणालं, "लंगडा त्याचा भाऊ. हा सुतारकाम करायचा."

"सुतार कुठला, ट्रक चालवायचा. एकदा आला होता की सुट्टीला, हिरवी मर्सिडीज घेऊन."

"मर्सिडीज उसनी होती."

पाहता पाहता गर्गुर चेकिचला एक बायको मिळाली, ती त्याला सोडून गेली, दोन मुली झाल्या, त्यांना आपली भाषा येत नव्हती. हे सगळं पाच मिनिटांत. आम्ही तीन वर्षांत त्याला फक्त एक कुऱ्हाड देऊ शकलो होतो. तोनका आजी सावकाश म्हणाल्या, "माझ्याबरोबर नाचला होता. सेंट रोकच्या जत्रेत. नंतर पत्र टाकतो म्हणाला."

मी यागोदामावशीकडे पाहिलं. वार्ताहर म्हणून सांगतो, तिच्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो. दिवे लावून झाले असते, रोल खाऊन झाला असता, सगळे समाधानाने घरी गेले असते. मावशी उभी राहिली. झ्देन्कोसाहेबांनी विचारलं, "शवपेटी कुठे आहे?"

"पेटी नाही," मावशी म्हणाली. "तो पुलावर पडला. दुसऱ्यांना पलीकडे जाता यावं म्हणून. फार लांब."

लोकांनी माना हलवल्या. लांब मरणं आपल्याला समजतं.

"पण तो चेकिचांचा नाही," मावशी पुढे म्हणाली. "तो कुणाचाच नाही. आम्ही त्याला या टेबलावर तयार केला. क्रुनो त्याचं बोलायचा. माझी चूक झाली, मी माफी मागते. तुमचे दिवे घेऊन जा, खऱ्या माणसांना लागतील."

कोणी चिडेल असं वाटलं. दोघे-तिघे चिडलेही, टोपी घालून निघून गेले, तो त्यांचा हक्क होता. तोनका आजी मात्र बसून राहिल्या. त्यांनी क्रुनोकडे पाहिलं. क्रुनोचे डोळे लाल होते आणि तो पिठाची अ‍ॅलर्जी असल्याचा बहाणा करत होता. पाव भाजणाऱ्याने.

"याला वाईट वाटलंय ना?" आजींनी विचारलं. "मग हा रोल परत कशाला नेऊ? सुरी द्या."

रोल कापताना मी, गप्प न बसण्याची सवय असल्यामुळे, म्हणालो, "आजी, पण तुमच्याबरोबर जत्रेत नाचला तो कोण मग?"

त्यांनी सुरी थांबवली नाही. "कुणीतरी नाचला होता ना," त्या म्हणाल्या. "पत्र आलं नाही, एवढं नक्की आठवतंय."

त्या दिवशी पंचवीस माणसं गर्गुर चेकिचबद्दल दोन-दोन शब्द बोलली. फादरही बोलले. कोणाकोणाबद्दल बोलले, ते ज्याचं त्याला माहीत. मी एवढंच पाहिलं की बऱ्याच जणांनी नाव गर्गुरचं घेतलं आणि जत्रा, सायकल, लाकडी सुटकेस भलत्याच कुणाची सांगितली.

पुढच्या शनिवारी तोनका आजी चार वाजता हजर. "बसायला जागा आहे का? मला काय व्हायचं ते मी ठरवून आले आहे." आम्हाला वाटलं परी, जादूगारीण. आजी म्हणाल्या, "चोर." गेली चार वर्षं त्या चोर आहेत. त्यांनी राजाचा मुकुट चोरला, ड्रॅगनचं अंडं चोरलं, माझ्या बिचाऱ्या तपस्व्याची घोंगडी तर तीन वेळा चोरली. आजी, मान हलवू नका, तिसऱ्या वेळी मी जागा होतो.

आता मूळ मुद्दा. दाम्यानला जुळं झालं. त्याची बायको रुग्णालयात पाळीने कामाला जाते, तो गोदामात पाळीने जातो, आणि दोघांच्या पाळ्या दारात एकमेकींना भेटतात. त्याने फोन केला. मावशी म्हणाली, "विचार करते." आणि फोन ठेवायच्या आधी प्रवासाची बॅग काढली. सोमवारी तिचं विमान आहे. पुन्हा मुलाच्या स्वयंपाकघरात, पुन्हा चुलीशी. मी तिला म्हटलं, "मावशी, दाम्यान खेळतो का अजून?" ती म्हणाली, "वेळ नाही म्हणतो. बघू. मी पाठ करून उभी राहीन, आणि एक दिवस मोठ्याने म्हणेन, गुहेत अंधार आहे."

राहिला प्रश्न इथल्या सूत्रधाराचा. नऊ जणांचे आम्ही आता मावशी धरून पाच उरलो आहोत. मावशी गेल्यावर चार: क्रुनो, लेओना, तोनका आजी आणि मी. मागच्या शनिवारी मावशीने वही आणि सभागृहाची किल्ली टेबलावर ठेवली. कोणी हात पुढे करेना. क्रुनो म्हणाला, मला पहाटे भट्टी असते. लेओना म्हणाली, मला माणसांपेक्षा गाईंशी बोलता येतं. शेवटी ठरलं, फासा टाकायचा. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी तो सूत्रधार.

क्रुनो, चौदा. लेओना, नऊ. मी, दोन. अक्षपरि. पण माझ्यामागून तोनका आजींची पाळी होती, आणि सभ्य गृहस्थहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आजींचा फासा घरंगळत आला, थांबला, वर एकचा आकडा. आणि त्याच क्षणी आजींची बाही टेबलावरून अशी हलकेच फिरली. फासा टेबलावरून खाली पडला, आणि या सभागृहाच्या उताराने, जो पाणी वाहून जायला बांधला आहे, तो फासा बंबाखाली वाहून गेला.

जमिनीवर पडलेला फासा धरायचा नाही, हा मावशीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. क्रुनोने बॅटरी घेऊन बंबाखाली जायची तयारी दाखवली. मावशी म्हणाली, "नियम म्हणजे नियम. आजी, पुन्हा टाका." आजींनी पुन्हा टाकला. अठरा. "अरेरे," आजी म्हणाल्या, "मला किती हौस होती."

अध्यक्ष महोदय, माझ्या तक्रारीचं कारण आता आपल्या लक्षात आलं असेल. ही जमीन सपाट असती तर आज माझ्या जागी तोनका आजी बोलत असत्या, आणि भाषण निम्म्या वेळात संपलं असतं.

मग आजींनीच विचारलं, "यागोदा, तुझ्यासाठी फलकावर काय लावायचं?" मावशी म्हणाली, "काही नाही. मी सूत्रधार. त्या गोष्टीत माझं माणूसच नाही." खरं होतं. तेरा वर्षं तिने राजा, राक्षस, चेटकीण, घोडा, वादळ सगळं बोलून दाखवलं, पण तिच्या नावाचा कागद कपाटात नाही. म्हणून आम्ही चौघांनी मिळून एक कागद केला आहे. लेओना, आण तो. याला काळी चौकट नाही, हे पहिल्याच रांगेतून नीट बघून घ्या, आणि कोणी बॉलपेन बाहेर काढू नका. यागोदा, फाटकवाली. रस्ता अडवू शकते, सोडूही शकते. वय: लिहिलेलं नाही. कपाटात तिची जागा राहील. ती जिथून परत येईल तिथून खेळात येईल, मधल्या काळात ती फाटकावर आहे असं आम्ही धरून चालू. मावशी, हे तुझ्याकडे ठेव. याची एक प्रत आमच्याकडे आहे.

आता समारोप. सभागृहासाठी अग्निशमन दलाचे, कॉफी आणि डुकराच्या चरबीच्या कुरकुरीत च्वार्त्सीसाठी महिला मंडळाचे आभार. इतक्या तेलकट हातांनी निरोप देणं आपल्याच गावाला जमतं. फादरांनी प्रार्थना आवरती घेतली त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या मर्सिडीजला उसनी म्हटलं असेल, कुणाच्या आजीला चोर म्हटलं असेल, तर ती बोलणाऱ्याची चूक समजावी, ऐकणाऱ्याने घरी नेऊ नये.

आणि एक गोष्ट, जी मी तक्रारीच्या आड लपवत होतो. मी गोष्ट वाईट सांगेन याची मला फारशी काळजी नाही. माझा राक्षस कांदा परतणार नाही, पण आजी त्याला सांभाळून घेतील. काळजी वेगळी आहे. लेओनाच्या वहीत, चोर-शिपायांच्या आकड्यांखाली, मला जर्मन शब्दांची यादी दिसली. गाय, वासरू, लस, भाडं. मी काही विचारलं नाही. क्रुनोचं दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं आहे, त्यानेही काही सांगितलं नाही. आजी शहाऐंशीच्या आहेत.

पुढच्या शनिवारी मी साडेतीनला येऊन किल्ली लावीन. टेबल मांडीन. मावशीने मला पालाचिंके करायला शिकवली आहेत, पहिली दोन फाटतात, पुढची जमतात. मी तिच्यासारखाच, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या चुलीशी, दाराकडे पाठ करून उभा राहीन, आणि चार वाजता खुर्च्या ओढल्याचे आवाज मोजीन.

तीन यायला हवेत. मला त्या मोजण्याची भीती वाटते.